जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासायचं

जुन्या ऑटोमॅटिक गाडीनं पहिला झटका दिला की सल्ले दोनच मिळतात. ओळखीतला एखादा म्हणतो, "ऑटोमॅटिक आहे, चालायचंच." गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्स गेला, मोठा खर्च धरून चाला." गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही गाडीखाली डोकावलेलं नसतं.

ज्यांनी नुकतीच सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतलीय किंवा घ्यायचं चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः जुनी ऑटोमॅटिक पुण्यात चालवतो. तिचं दुखणं शोधताना बऱ्याच गॅरेजांच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्यातून एक क्रम हाती लागला. गिअरबॉक्सला दोषी ठरवायचं ते सगळ्यात शेवटी. आधी बॅटरी आणि स्विच, मग ऑइल, मग रस्त्यावरची चाचणी, मग स्कॅन. हे सगळं करूनही उत्तर मिळालं नाही तरच गिअरबॉक्स खाली. उलट्या क्रमानं गेलात तर काही शे रुपयांच्या ब्रेक स्विचपायी गिअरबॉक्स उघडून बसायची पाळी येते, आणि एकदा उघडलेला गिअरबॉक्स पुन्हा पहिल्यासारखा बसेल याची हमी कुणी देत नाही.

काय काय जवळ हवं

- आरसी, विम्याची प्रत आणि जमेल तेवढी जुनी सर्व्हिस बिलं
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल (हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बहुतेक मॉडेलचं मिळतं)
- साधा मल्टिमीटर
- ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकानं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) आणि फोनवर त्याचं ॲप
- टॉर्च, पांढरा टिश्यू किंवा जुनं पांढरं फडकं, मोठा पुठ्ठा
- शेजारी बसून व्हिडिओ काढणारा कुणीतरी

शेवटची गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. झटका बसतो त्या क्षणी आरपीएमचा काटा कुठे होता हे चालवणाऱ्याला कधीच नीट आठवत नाही. मीटरचा व्हिडिओ असला की गॅरेजमध्ये अर्धा वाद तिथेच मिटतो.

## १. आधी ठरवा, तुमचा "ऑटोमॅटिक" नेमका कोणता

भारतात ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या गेल्या आहेत. एकीतलं बिघाडाचं लक्षण दुसरीत अगदी नॉर्मल असतं. बहुतेक चुकीची निदानं इथेच जन्माला येतात.

एएमटी. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं एवढंच. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओमधून तो स्वस्त गाड्यांत आणला, मग अल्टो के१०, वॅगन आर, टाटा झेस्ट, नॅनो अशी रांग लागली. ओळखायची सोपी खूण: जुन्या एएमटीच्या लिव्हरवर "पी" (पार्किंग) नसतो, फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) आणि प्लस-मायनस. गिअर बदलताना मान पुढे जाणं हा या यंत्रणेचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

टॉर्क कन्व्हर्टर. जुनाजाणता ऑटोमॅटिक. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागावरून हे नाव. मारुती ए-स्टार, रिट्झ, ह्युंदाई आय१०, जुनी वर्ना यांत चार गिअरचा, २००८ ते २०१३ च्या होंडा सिटीत पाच गिअरचा. यात क्लच आणि गिअर सगळं ऑइलच्या दाबावर चालतं, म्हणून याची तब्येत म्हणजे ऑइलची तब्येत.

सीव्हीटी. यात गिअरच्या पायऱ्या नसतात. दोन पुलींच्या मधून स्टीलचा पट्टा फिरतो. २०१४ नंतरची सिटी, २०१५ ची जॅझ, बलेनो, निसानची मायक्रा आणि सनी. जोरात रेस दिली की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. हेही नॉर्मल.

ड्युअल क्लच. फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी आणि फोर्डच्या पहिल्या इकोस्पोर्ट, फिएस्टा यांतला पॉवरशिफ्ट. दोन क्लच, आणि त्यांना चालवणारा संगणक व हायड्रॉलिक भाग एकत्र. डीएसजीत त्याला मेकाट्रॉनिक म्हणतात. डीएसजीतही दोन जाती आहेत. पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो टीएसआय यांतला सात गिअरचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा आहे. लॉरा डिझेलमधला सहा गिअरचा डीक्यू२५० ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा. दुसऱ्याला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो. जुनी लॉरा घेताना या एका बिलाची मागणी करा. विकणारा गप्प झाला तर तेही उत्तरच समजा.

## २. कागदांतून गाडीचा पूर्वेतिहास काढा

नोंदणी क्रमांक सांगितल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले बऱ्याचदा जुन्या कामांची यादी दाखवतात. सध्याच्या मालकालाच सोबत नेलं तर काम सोपं होतं. त्या यादीत तीन गोष्टी शोधा. गिअरबॉक्स ऑइल कधी बदललं, क्लच किंवा ॲक्च्युएटरचं काम झालंय का, आणि किलोमीटरचा आकडा मध्येच मागे गेलाय का.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात मुद्दाम बघायची: गाडी पुराच्या पाण्यात होती का. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर आठवा. अशा पुरांनंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात आणि लांबच्या शहरात विकल्या जातात. ऑटोमॅटिकला हे पाणी दुप्पट महागात पडतं. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी छोटा व्हेंट असतो, गाडी तेवढी बुडाली की पाणी तिथून आत शिरतं. शिवाय कंट्रोल युनिटच्या (गिअरबॉक्सच्या संगणकाच्या) कनेक्टरवर हिरवट गंज चढतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी विचित्र कोड यायला लागतात. मॅट उचलून खालचा फोम दाबून बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा.

## ३. गाडी गार असतानाच सुरुवात करा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर "सकाळी दूध आणायला गेलो होतो" हे ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. क्लचची झिजलेली सीलं आणि अडकणारे व्हॉल्व्ह काही गाड्यांत फक्त गार असताना त्रास देतात, काहींत फक्त तापल्यावर. दोन्ही अवस्था बघितल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

सपाट जागा, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर. इंजिन चालू करा आणि आरपीएम खाली येऊन स्थिर होऊ द्या. मग एन वरून डी मध्ये टाका आणि मनात मोजा. पुन्हा एन, थोडं थांबा, मग आर. चांगल्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत तापल्यानंतर डी साधारण सव्वा सेकंदात आणि रिव्हर्स दीड सेकंदात पकडायला हवा. गार असताना किंचित जास्त वेळ चालतो. पण दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन गिअर पडतो, असं असेल तर ऑइल कमी आहे किंवा आतला दाब तयार होत नाहीये. डी नीट पडतो आणि फक्त रिव्हर्सच उशिरा पडतो, हे जास्त वाईट. ऑइल बदलून ते क्वचितच सुटतं.

धाडकन आवाज आला म्हणजे गिअरबॉक्सच, असंही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट फाटले असतील तरी असाच ठोका बसतो. बॉनेट उघडं ठेवून, तुमच्या माणसाला बाजूला उभं करून, ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी करा. समोर कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन जागेवरून भलतंच उसळताना दिसलं तर आधी माउंट बदला. जुन्या गाडीत हा खर्च तसाही येणारच असतो.

## ४. स्वस्तातले गुन्हेगार

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार कोसळत असेल तर एएमटी आणि डीएसजी गिअर न घेणं, दिवे चमकवणं, भलतेच कोड टाकणं असले सगळे चाळे करतात. बॅटरी जुनी असेल तर ती बदलल्याशिवाय पुढचं काहीही तपासू नका. तिची टर्मिनलं आणि बॉडीला जाणारी अर्थची वायरही घासून घट्ट करा.

ब्रेक लाइटचा स्विच. लिव्हर पी मधून हलतच नाही, किंवा एएमटी चालूच होत नाही? मागे कुणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबा. दिवे लागत नसतील तर गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाहीये. पॅडलच्या वरचा छोटा स्विच, नाहीतर फ्यूज. बहुतेक गाड्यांत लिव्हरजवळ एक झाकलेली खाच असते. त्यात किल्ली दाबून लिव्हर तात्पुरता मोकळा करता येतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

लिव्हरची जागा ओळखणारा सेन्सर. डॅशबोर्डवर डी ऐवजी रिकामी चौकट, रिव्हर्समध्ये मागचा पांढरा दिवा लागत नाही, गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते. ही सगळी याचीच लक्षणं. लिव्हरची केबल ताणली गेली असेल तरी हेच होतं, आणि केबल ॲडजस्ट करणं हे तासाभराचं काम.

इंजिन. खराब प्लग किंवा कॉइलमुळे इंजिन एखाद्या सिलिंडरवर चुकत असेल तर चढावर गाडी थरथरते आणि सगळे बोट गिअरबॉक्सकडे दाखवतात. थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) घाण असली की आयडलिंग वरखाली होतं आणि डी टाकताना झटका बसतो. प्लगचं बिल सापडत नसेल तर ते बदलूनच पुढे चला.

## ५. ऑइल: रंग, वास आणि पातळी

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीवाल्यांनी इथे वेळ द्यावा. कोरड्या क्लचचा डीएसजी आणि एएमटीवाल्यांनी गळती तेवढी बघून पुढे जावं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय ते बघा. लालसर, पातळ डाग गिअरबॉक्सचा. काळपट बहुधा इंजिनचा. आणि नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको.

डिपस्टिक असेल तर पातळी कशी बघायची हे गाडीगणिक वेगळं आहे. जुन्या होंडात गाडी तापवून, सपाट जागी इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक बघायची. जुन्या ह्युंदाईत इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून आणून मग बघायची. एका गाडीची पद्धत दुसरीला लावली की पातळी हमखास चुकते आणि मग विनाकारण ऑइल ओतलं जातं. जास्त ऑइलही घातक आहे, ते फेसाळतं आणि फेसाचा दाब तयार होत नाही. डिपस्टिकच नसेल तर ऑइल ठरावीक तापमानाला (बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास) खालच्या बोल्टमधून ओसंडतंय का ते बघतात. हे काम रॅम्प आणि स्कॅनर दोन्ही असलेल्या ठिकाणीच करून घ्या.

पांढऱ्या टिश्यूवर थेंब घ्या. लाल किंवा फिकट तपकिरी, कडेला पसरणारा: ठीक. गडद तपकिरी: बदलायची वेळ टळून गेलीय. काळा आणि जळका वास: आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर जळलंय. आणि गढूळ गुलाबी दिसलं तर गाडी चालू करू नका. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या नळीतून थंड होतं. ती आतून फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि क्लचचं अस्तर सुटून येतं. रेडिएटरच्या टाकीतही तेलकट साय दिसेल.

"हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं सांगणारे भेटतील. गिअरबॉक्सची लाइफ संपेपर्यंत टिकतं या अर्थानं ते खरंच आहे. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तापून-तापून चाललेल्या जुन्या गाडीला ऑइल बदलून द्यावं, असं माझं स्पष्ट मत.

फक्त दोन सापळे सांभाळा. पहिला, ऑइलची जात. होंडा सीव्हीटीला एचसीएफ-२, जुन्या होंडा ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१, चार गिअरच्या ह्युंदाईला एसपी-३, निसान सीव्हीटीला एनएस मालिकेतलं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. दुकानदार "हे सगळ्याला चालतं" म्हणून डबा पुढे करेल. सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) गेलं तर पट्टा घसरून पुली कायमची खराब होते. दुसरा सापळा मशीन फ्लशचा. कधीच ऑइल न बदललेल्या, दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत दाबानं फ्लश मारला की वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. अशा गाडीचं ऑइल नुसतं खाली सोडून तेवढंच नवं भरायचं. एका वेळी निम्मंसुद्धा निघत नाही, म्हणून थोडं चालवून पुन्हा तेच करायचं. सोडलेलं ऑइल फेकू देऊ नका. तळाच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणं नॉर्मल. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चमकणाऱ्या चकत्या असतील तर आतला धातू सुटतोय.

## ६. रस्त्यावर, थोडा वेळ सपाट आणि थोडा वेळ घाटात

आधी दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या सपाट रस्त्यावर. हलक्या पायानं, एकसारखी रेस देत वेग वाढवा आणि काट्याकडे लक्ष ठेवा. गिअर बदलला की आरपीएम खाली यायला हवेत. बदलाच्या क्षणी काटा आधी वर उडतो आणि मग गिअर पकडतो, असं असेल तर क्लच घसरतोय. नेहमी एकाच बदलाला, समजा दुसऱ्यावरून तिसऱ्याला, होत असेल तर ते लिहून ठेवा. गॅरेजमध्ये हाच तपशील सगळ्यात उपयोगी पडतो, कारण प्रत्येक गिअरला ठरावीक क्लच आणि ठरावीक सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) असतात.

मग ५० ते ७० च्या वेगात, अगदी हलक्या रेसवर. टोलनाक्याआधीच्या रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? टॉर्क कन्व्हर्टर गाडीत हे लॉक-अप क्लचचं (एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचं) लक्षण असू शकतं, आणि ओळखायची युक्ती सोपी आहे. मागे गाडी नाही हे बघा, रेस तशीच धरून डाव्या पायानं ब्रेकला फक्त दिवे लागण्याइतका स्पर्श करा. ब्रेकची खूण मिळताच गाडी लॉक-अप सोडते. थरथर तत्क्षणी थांबली तर लॉक-अप. तशीच चालू राहिली तर पुन्हा प्लग-कॉइल किंवा टायर-बॅलन्सिंगकडे वळा. लॉक-अपची थरथर बऱ्याचदा योग्य ऑइल बदलूनही जाते, तेव्हा लगेच कन्व्हर्टर बदलायला कबूल होऊ नका.

आवाज येत असेल तर तो वेगाबरोबर वाढतो की आरपीएमबरोबर, ते तपासा. ६० ला एन मध्ये टाकून आवाज ऐकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चालत्या ऑटोमॅटिकमध्ये असले प्रयोग नकोत. त्याऐवजी सुरक्षित जागी हळुवार डावी-उजवी वळणं घ्या. वळताना घरघर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालताना टक-टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. दोन्ही गिअरबॉक्सच्या मानानं किरकोळ.

आता घाट. पुणेकरांना जुना कात्रज पुरेसा आहे, मुंबईहून येणाऱ्यांना बोरघाट. गाडी पूर्ण तापली की खरा चेहरा दाखवते. गार असताना गुणी आणि तापल्यावर घसरणारी गाडी म्हणजे आतल्या सीलांतून दाब गळतोय. चढावर थांबून पुन्हा निघा. एएमटीत इथे जळका वास आला किंवा इंजिन ओरडतंय आणि गाडी रेंगाळतेय असं दिसलं तर क्लच प्लेट शेवटच्या घटका मोजतेय. डीएसजीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कचकच थरथरणं हेही क्लचचंच.

उतरताना गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली, पिकअप मेला आणि दिवा लागला, तर ती स्वतःला वाचवण्यासाठी लिंप मोडमध्ये गेली आहे. बाजूला घ्या, बंद करा, काही मिनिटांनी चालू करा. बहुतेकदा ठीक होते. "बघा, रिस्टार्टनं गेलं" म्हणून विकणारा हसला तरी तुम्ही हसू नका. कोड आत नोंदला गेला आहे.

## ७. स्कॅन, आणि स्कॅनचं वाचन

२०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचा सॉकेट असतोच. स्वस्त रीडर इंजिनचे कोड वाचतो, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत दरवेळी पोचत नाही. म्हणून त्यावर "नो कोड" दिसलं की निर्धास्त होऊ नका. नेहमी दिसणारे काही:

- पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकात कोड आहे, तिकडे विचारा. हा कोड दाखवून कुणी गिअरबॉक्स बदलायला सांगत असेल तर नमस्कार करून निघा.
- पी०७०५ लिव्हरच्या जागेचा सेन्सर. पी०७१५ आणि पी०७२० आत-बाहेरच्या वेगाचे सेन्सर. हे तिन्ही बऱ्याचदा बाहेरूनच बदलता येतात.
- पी०७३० ते पी०७३६ अपेक्षित गिअर आणि प्रत्यक्ष वेग जुळत नाही, म्हणजे घसरण. ऑइलपासून क्लचपर्यंत काहीही.
- पी०७४१ लॉक-अप नीट लागत नाही.
- पी०७५०, पी०७५५ शिफ्ट सोलेनॉइड. आधी वायर आणि कनेक्टर, मग सोलेनॉइड.
- पी१७बीएफ डीएसजीवाल्यांचा नावडता. हायड्रॉलिक पंपाला दाब टिकवता येत नाही. डीक्यू२०० मध्ये यामागे अनेकदा मेकाट्रॉनिकच्या आतली दाबाची टाकी जिथे बसते तो भाग तडकलेला असतो. पूर्ण मेकाट्रॉनिकच बदलावा लागेल असं सांगितलं जातं; तेवढाच भाग दुरुस्त करणारी स्वतंत्र गॅरेजंही आहेत, दुसरं मत घ्याच.

घ्यायच्या गाडीत याहून महत्त्वाची एक गोष्ट ॲपमध्येच असते: रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का हे सांगणारी यादी. कोड पुसले की हे मॉनिटर "अपूर्ण" होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडाही बहुतेक गाड्या देतात. तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी कोड पुसले असतील तर तो आकडा एक अंकी असेल. पुढे काय बोलायचं ते तुम्हाला सुचेलच. अर्थात नुकतीच बॅटरी बदलली असेल तरी असंच दिसतं, तेव्हा बॅटरीचं बिल मागा.

## ८. एएमटीवाल्यांसाठी वेगळं थोडंसं

सेलेरिओसारख्या जुन्या हायड्रॉलिक एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा घुर्र आवाज येतो. येतो आणि थांबतो, तर ठीक. उभ्या गाडीत दर काही सेकंदांनी पुन्हापुन्हा येत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. ॲक्च्युएटरच्या ऑइलची छोटी टाकी भरलेली आहे का, खाली ओल आहे का, ते बघा. गिअर इंडिकेटर चमकतोय आणि गाडी एन मध्येच अडकलीय याचं कारण बहुतेकदा बॅटरी, ॲक्च्युएटर किंवा क्लच, याच क्रमानं. आतले गिअर क्वचितच खराब होतात.

क्लच प्लेट बदलल्यावर स्कॅनरनं क्लचचं नवं लर्निंग करावंच लागतं. नुसती प्लेट बदलून गाडी हातात दिली तर ती नव्या क्लचलाही जुन्या मापानं वागवते, झटके देते आणि दोष नव्या पार्टवर येतो. बिलावर "लर्निंग केले" असं लिहून घ्या.

## ९. रस्त्यात बंद पडली तर

ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, तेव्हा माणसं गोळा करू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, आणि तेही ऑइलशिवाय. दुरुस्त होण्यासारखा गिअरबॉक्स टोइंगमध्येच संपतो. विम्याच्या रोडसाइड सेवेला फोन करताना "फ्लॅटबेडच पाठवा" असं स्पष्ट सांगा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. विमा टोइंग देईल, पण गिअरबॉक्सच्या आतल्या झिजेचे पैसे नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाहीत, ती आशा धरू नका.

## १०. शेवटी उतरवावाच लागला तर

सगळं तपासून झालं, ऑइल काळं आहे, चुंबकावर चकत्या आहेत, रिव्हर्स पडत नाही. मग गिअरबॉक्स उतरवायचाच. गॅरेज निवडताना ते तुमच्याच जातीच्या गिअरबॉक्सचं काम करतं का, एवढं विचारा. एएमटीत वाकबगार माणूस सीव्हीटीत नवखा असू शकतो.

कामाआधी लेखी एस्टिमेट घ्या आणि त्यात स्कॅनचा रिपोर्ट जोडलेला हवा. उघडल्यावरचे फोटो मागा, बदललेले जुने पार्ट परत मागा. पूर्ण रिबिल्ड होणार असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि ऑइल कूलरची सफाई त्यात आहे का, हे बघा. जुना गाळ कूलरमध्ये राहिला तर नवा गिअरबॉक्सही त्याच वाटेनं जातो.

वापरलेला गिअरबॉक्स बसवायचा ठरला तर कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या पार्टच्या बाजारातून तो येण्याची शक्यता मोठी आहे. त्यात गैर काही नाही, पण गिअरबॉक्सवर छापलेला मॉडेलचा कोड तुमच्या गिअरबॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा, नाहीतर आतली गुणोत्तरं वेगळी निघतात आणि संगणक कोड टाकत राहतो. आरसीवर इंजिन आणि चॅसीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे आरटीओत जायची गरज नाही. बदलून घ्यायची मुदत मात्र लेखी घ्या. तोंडी "दादा, काळजीच नको" याला वॉरंटी म्हणत नाहीत.

जुनी फोर्ड असेल तर पार्ट मिळतायत का ते आधी विचारा. कंपनीनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून काही पार्टना वेळ लागतो. तोवर गाडी गॅरेजमध्ये उघड्यावर पडून राहणार असेल तर उतरवायची घाई नको.

गाडी परत मिळाली की पहिल्या दिवशी गार अवस्थेत पुन्हा पायरी तीन, मग पुन्हा घाट. पाचेकशे किलोमीटरनंतर ऑइलची पातळी आणि गळती बघून घ्या, आणि घरच्या रीडरनं एकदा स्कॅन करा. पहिल्याच आठवड्यात पी०७३० परत दिसला तर फोन न करता थेट गाडी घेऊनच गॅरेजला जा.